डावा कोपरा

थ्री-फेज साडेअकराला आली
आणि साडेअकरालाच फायनल लागली.
नऊ डबे रांगेत. जोंधळा, नाचणी,
एकात रेशनचा गहू, निवडलेला नाही.
तिखटाच्या बरणीला मोबाइल टेकवला,
पट्टा चढवला, आणि मग कळलं
की गिरणी चालू असली तर
कबड्डी नुसती तोंड हलवते.

बंद केली.

‘नन्न हिट्टु यावाग?’ गौरव्वा.
‘करंट जाईल की गे, मथुरे,’ मागची सायनेकरीण.
दोघींनाही म्हटलं, थांबा, तंगेव्वा खेळतेय.
सुळेभावीची. हातमागवाल्याची पोर.
सात नंबर. पाठीवर नाव इंग्रजीत,
त्यावर घामानं चिकटलेली वेणी.

बा पोत्यावर बसलेला. मोतीबिंदू काढून पंधरा दिवस,
एका डोळ्यावर हिरवं झाकण.
‘आपली कुठली त्यातली?’
डाव्या कोपऱ्यातली, मी म्हणतो.
आम्ही कडोलीच्या बायका असंच बोलतो,
येतो, जातो, म्हणतो.
पुण्याची नणंद हसते. हसू दे.

रताळी काढलेल्या रानात राखेनं रेघा ओढायचो.
ती डाव्या कोपऱ्यात, मी तिला लागून.
बोटांत बोटं घालू नका, सर सांगायचे, मोडतात,
मनगट धरा.
तिचं उजवं मनगट माझ्या डाव्या हातात,
सुताचा रंग चढलेलं, कधी निळं, कधी जांभळं.
ती ओरडायची ‘हिडी’, मी ‘धर’,
चढाईवाली दोन्हीकडं बघायची
आणि तेवढ्यात घोटा गेलेला असायचा.
मधल्या रेघेला ती गडी म्हणायची.
आमच्यात गडी म्हणजे खेळणारा.
त्यावरून एक अख्खी दुपार हसलो आम्ही,
का, ते आता सांगता यायचं नाही.

राज्याच्या संघाचा कागद दोघींनाही आला.
वर सगळं कानडीत,
खाली पालकाच्या सहीला एक रेघ.
बानं तो दिव्याखाली धरून बराच वेळ बघितला,
वाचता येत नव्हता तरी.
‘ह्या रेघेवर माझी सही व्हायची नाही.’
घडी घातली, देवाच्या फोटोमागं ठेवली.
रागावला नाही.
रागावला असता तर मी भांडलो असतो.
तंगेव्वानं फाट्यावर एक बस सोडली,
मग दुसरी. तिसरीत चढली.

शेवटची चढाई. एका गुणानं पुढं आहोत.
समोरची उंच, बोनसच्या रेघेवर पाय नाचवतेय.
एकोणीस सेकंद. अठरा.
तिचा दम काही ऐकू येत नाही, वर माणसं बोलताहेत.
पण पोत्यावरून येतोय:
बा पुटपुटतोय हुतुतू, हुतुतू,
मधे श्वास न घेता,
सत्तरीची छाती भात्यासारखी आत गेलेली.

तंगेव्वाचा उजवा हात बाजूला गेला, न बघता,
आणि शेजारच्या पोरीनं, हरियाणाची असावी,
तो घेतला. मनगटाला.
माझा डावा हात स्विचवर होता.

घोटा. मग सगळ्या जणी वर, ढीग.
बा: ‘धर!’
गौरव्वा, जिला खेळातलं ओ की ठो कळत नाही:
‘बिडबेड, बिडबेड!’
आणि पडद्यावर ते गोल फिरायला लागलं, नेटवर्कचं.
चार माणसं आणि नऊ डबे
त्या गोलाकडं बघत.

जिंकलो, असा फोन
सायनेकरणीच्या नातवाचा आला, जरा वेळानं.

‘दम पुरला पोरीला,’ बा म्हणाला.
मग झाकणाखालून डोळा पुसत,
‘तो कागद हाय काय गे अजून?’
वाळवी लागली बा, कधीच.
लागली नाही. तिथंच आहे.

मी पट्टा चढवला, बटण दाबलं.
तो पुढं काहीतरी म्हणाला,
तोंड हललं नुसतं.

करंट आहे अजून चाळीस मिनिटं.
चौथा डबा कुणाचा?